नाशिकच्या तुरुंगातून आमच्या ओटीवर

स्मरणिकेच्या कामाला सुरुवात झाली तेव्हा विषयांची वाटणी आपोआप झाली. ज्यांनी गॅदरिंगात नाटके गाजवली ते नाटकांवर लिहिणार, ज्यांनी छड्या खाल्ल्या ते शिक्षकांवर. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून शाळेचा इतिहास माझ्या गळ्यात पडणार हे उघड होते. पण तो लिहायला माझ्याहून जाणकार मंडळी आपल्यात आहेत. मी शाळेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकाचा आणि ते लिहिणाऱ्या माणसाचा इतिहास लिहितो. ते पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून गेले आहे. माणूस मात्र निम्माच आपल्याला शिकवला गेला, असे मला आता वाटते.

पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’ आणि माणूस अर्थात साने गुरुजी.

आपण शाळेत होतो तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यामुळे दापोली तालुक्यातले पालगड हे गुरुजींचे गाव तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले, आणि वर्गात ते अभिमानाने सांगितले जाई. प्रत्यक्षात पालगड जिल्ह्याच्या त्या टोकाला आणि आपण ह्या टोकाला. भाषा वेगळी, माणसे वेगळी, घरे वेगळी. गुरुजींचे घर खोताचे, उतरती कळा लागलेले. आमचे घर बंदराजवळचे. आई बाजारात मासे विकायला बसे आणि आजी दारात बसून जाळी सांधत असे.

शनिवारी वाचनालयातून मिळालेले ते पुस्तक मी पावसाळ्यात आजीला वाचून दाखवले. होड्या वर ओढून ठेवलेल्या, हाताला काम कमी, म्हणून तिला ऐकायला सवड. मला वाटले होते, वर्गात बाई वाचताना जशा मुली रडल्या तशी ती रडेल. ती मुळीच रडली नाही. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडते, तिथे आजी मोठ्याने हसली. “कोकणातलो झील आणि पाण्याक भियाता?” पुढे आईच्या डोळ्यांना वारंवार पाणी येऊ लागले तेव्हा तिने जाळ्यावरची मान वर न करता सांगितले, “आमची आवस अशी नाय होती. तिका रडाक येळ खंय होतो?”

आणि ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र आली. एका म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडली आहे. ती महार आहे म्हणून कोणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. आजीने हात थांबवला. म्हणाली, “म्हणजे उचलल्याचा पुण्य न्हाणयेत व्हावान गेला.”

मी तेव्हा आठवीत होतो. मला राग आला होता, आजीचा. पुस्तकावर कोणी असे बोलू शकते हेच मला ठाऊक नव्हते. पुढे इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर कळले, की आजीने बोट ठेवले ती जागा गुरुजींच्या आयुष्यातही फार महत्त्वाची होती. तिथून ते कुठवर चालत गेले, ती हकिकत म्हणजेच त्यांची लेखक म्हणून झालेली वाटचाल.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. पालगडची शाळा, दापोलीचे मिशन हायस्कूल, पैशाअभावी औंध, मग पुणे. १९१७ साली आई गेली तेव्हा मुलगा जवळ नव्हता. ‘श्यामची आई’त जे ओथंबून आले आहे त्याचे मूळ बरेचसे ह्या जवळ नसण्यात आहे, असे मी मानतो. बी. ए., एम. ए. झाले आणि १९२४ मध्ये खानदेशात अमळनेरच्या शाळेत, पुढच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक म्हणून रुजू झाले. तिथे ते सहा वर्षे राहिले. वसतिगृह त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे ह्या गोष्टी आपण भाषणांत ऐकल्या आहेत. लेखकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र भाषणांत येत नाही. ह्या वसतिगृहात गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढत. हस्तलिखित दैनिक! आपल्या शाळेचे हस्तलिखित वर्षातून एकदा निघे, आणि तेवढ्यासाठी दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही एकमेकांशी भांडत असू. हा माणूस रोज हाताने लिहून मुलांना वाचायला देत होता. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले, ते ह्या दैनिकाचेच मोठे भावंड.

म्हणजे पुस्तक लिहिण्याआधी त्यांनी कित्येक महिने असे लेखन केले, की ज्याचा वाचक रात्री पलीकडच्या खोलीत झोपलेला असे. सकाळी त्याच्या चेहऱ्यावरून कळे, लेख रुचला की नाही. मराठी मुलांसाठी त्याआधी कोणी लिहीत नव्हते असे नाही. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ १८८१ पासून निघत होते. वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ पासून. ती मोठीच कामे होती. पण ह्या मंडळींची भाषा बहुधा उंच आसनावरून खाली येई. गुरुजींची भाषा शेजारच्या चटईवरून आली.

१९३० साल. आपल्या किनाऱ्यावर शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो ह्याच सालच्या मे महिन्यात. शिरोड्याच्या ट्युटोरियल हायस्कुलात तेव्हा वि. स. खांडेकर शिकवत होते. १९२० पासून १९३८ पर्यंत ते तिथे होते. खांडेकर आणि साने गुरुजी वयाने जवळपास सारखे, दोघेही खेड्या-गावांतल्या शाळांत शिकवणारे, दोघेही ध्येयवादी. खांडेकर शाळेत राहिले आणि कादंबरीकार झाले. गुरुजी शाळा सोडून सत्याग्रहात गेले आणि तुरुंगात लेखक झाले. आपल्या जिल्ह्यातल्या अभ्यासकांनी ही जोडी समोरासमोर ठेवून पाहायला हरकत नाही.

धुळ्याच्या तुरुंगातून गुरुजींना त्रिचनापल्लीला हलवले. दक्षिणेतल्या कैद्यांबरोबर राहताना ते तमिळ शिकले आणि पुढे तिरुवल्लुवरांचे ‘कुरल’ मराठीत आणले. शेवटच्या वर्षांत त्यांनी ‘आंतरभारती’ची जी कल्पना मांडली तिचे बी ह्या तुरुंगातले. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याला होते. तिथे विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अशी गीतेवरची अठरा प्रवचने विनोबांनी कैद्यांपुढे दिली आणि गुरुजींनी ती बोलण्याच्या वेगाने उतरून घेतली. आज घराघरांत असलेली ‘गीता प्रवचने’ म्हणजे हेच टिपण. ज्यांनी कधी वर्गात वेगाने बोलणाऱ्या सरांचे तोंडी उत्तर उतरवले असेल त्यांना हे काम काय असते ते कळेल. विनोबांची वाक्ये तोडलेली, सोपी, दृष्टांतांची. ती महिनोन्‌महिने उतरवून घेणाऱ्या हातावर त्या बोलण्याचा परिणाम झाला नसता तरच नवल.

ह्यानंतर आठ महिन्यांनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी आरंभ आणि १३ फेब्रुवारी, सोमवारी पहाटे शेवट. ‘पाच दिवसांत लिहिले’ हे वाक्य आपण सर्वांनी निबंधात घातले आहे, आणि ऐकणाऱ्याला वाटते की काही दैवी संचार झाला असावा. तसे काही नव्हते. मुळात पंचेचाळीस रात्री. त्यांतल्या छत्तीस तुरुंगात लिहिल्या, नऊ बाहेर आल्यावर, आणि छापताना तीन वगळून बेचाळीस ठेवल्या. लिहून झाले, भर घातली, कापले. हे काम जाणत्या लेखकाचे आहे. पाच दिवसांचा वेग आला तो अमळनेरच्या सहा वर्षांतून आणि धुळ्याच्या अठरा रविवारांतून. पुस्तकात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत, कारण ते सांगितलेले पुस्तक आहे. आश्रमात दिवे लागल्यावर श्याम बोलतो आणि मित्र ऐकतात. मी आजीला ते वाचून दाखवले तेव्हा मध्ये कुठे अडखळावे लागले नाही, ते त्यामुळेच. त्या वयात मला हरि नारायण आपट्यांचे एकही पान तसे वाचता आले नसते.

१९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. ते मुलांचे की मोठ्यांचे, ह्यावर पुष्कळ वाद झाले आहेत. माझे मत सांगतो. ते कुमारांचे पुस्तक आहे आणि त्याचा खरा विषय आईपेक्षाही लाज हा आहे. पुस्तकासाठी पाहुण्याचे पैसे चोरणारा श्याम. घरावर जप्ती येते तेव्हा गावात होणारी विटंबना. सावकाराच्या माणसासमोर मान खाली घालणारे वडील. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जगातली सर्वांत मोठी भीती कसली असते? आपल्या घराची गरिबी चारचौघांत दिसेल ह्याची. ती त्याआधी मराठीत मुलांसाठी कोणी अशी उघडी करून ठेवली नव्हती. माझ्या आईच्या पदराला येणारा माशांचा वास वर्गात कोणाच्या लक्षात येईल म्हणून मी शाळेच्या फाटकापाशी तिच्यापासून चार पावले लांब चालत असे. हे मी कोणाला सांगितले नव्हते. श्यामने त्याचे सांगितले, म्हणून आज मी माझे लिहितो आहे.

आईच्या अश्रूंनी ह्या पुस्तकाला एक प्रकारे झाकून टाकले. त्यात १९५३ चा आचार्य अत्र्यांचा चित्रपट. वनमालाबाईंची आई, माधव वझे यांचा श्याम, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक. चित्रपट उत्तमच आहे, मी तो अजूनही बघतो. पण त्यानंतर साने गुरुजी म्हणजे रडणारे गुरुजी हे समीकरण पक्के झाले. साहित्यातल्या मोठ्या मंडळींना त्यांची भावविवशता आधीपासूनच खटकत होती. ते साफ चुकीचे होते असेही मी म्हणणार नाही. काही पानांवर अश्रू फार आहेत, आणि माझी आजी टीकाकार म्हणून कोणाहून कमी नव्हती.

पण नंतरची पुस्तके पाहा. ‘श्याम’, ‘धडपडणारी मुले’, ‘भारतीय संस्कृती’. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन झाले, त्यासाठी ते खानदेशभर हिंडले. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले आणि शेतकऱ्यांच्या, गिरणीकामगारांच्या बाजूने लिहू लागले. बेचाळीसच्या लढ्यात ते भूमिगत झाले, त्रेचाळीसमध्ये पकडले गेले, पुन्हा तुरुंग. ह्या सगळ्यांत मुलांसाठी लिहिणे कुठे थांबलेले नाही. ‘गोड गोष्टी’ची माला आपल्या वाचनालयात होती. पातळ पुस्तके, खाकी कागदाची वेष्टने, शाईने घातलेले क्रमांक. त्यांतली ‘मनूबाबा’ मी तीनदा नेली होती. एकटा विणकर, त्याचे चोरीला गेलेले सोने, आणि सोन्याच्या जागी दारात आलेली लहान मुलगी. ती गोष्ट जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून घेतली आहे हे मला कॉलेजात कळले. ‘दुःखी’ ही व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’. मालवणच्या बंदरावरच्या पोराला इंग्लंडचा विणकर आणि फ्रान्सचा सुटलेला कैदी भेटला तो असा, मराठी नाव घेऊन, मराठी जेवण जेवत. भाषांतराचे शास्त्र त्याला काय म्हणते ते म्हणो. मला त्या पोराच्या बाजूने विचाराल तर उपकार फार मोठे आहेत.

आता आजीच्या न्हाणीघराकडे येतो.

‘श्यामची आई’तल्या त्या रात्री श्यामने आंघोळ केली की नाही, ह्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे गुरुजींनी ते वाक्य गाळले नाही. १९३३ साली, गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीच्या भरात, आपली आई होती त्याहून पुढारलेली दाखवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी ती होती तशी, तिच्या काळात, एक पाऊल पुढे टाकून थांबलेली दाखवली. पुढचे पाऊल आईच्या नावावर न खपवता स्वतःसाठी ठेवले.

ते पाऊल १९४७ मध्ये पडले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला. सेवा दलाची कलापथके बरोबर होती. आपल्या वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै ज्या सेवा दलात वाढले, तेच हे सेवा दल. गावोगावची देवळे, विहिरी खुल्या करण्याचे आवाहन होत होते. पंढरपूरचे बडवे मात्र ऐकेनात. १ मे रोजी गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. स्वातंत्र्य साडेतीन महिन्यांवर आलेले, देशाचे लक्ष फाळणीकडे, आणि एक मास्तर विठोबाच्या दारासाठी प्राण पणाला लावून बसलेला. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते. शाळेत रोज त्यांची प्रार्थना म्हटली जाई, २४ डिसेंबरला फोटोला हार घातला जाई, पण पंढरपूर नाही. कॉलेजच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिला मी ही हकिकत सांगितली. पूर्ण ऐकून घेतली. मग विचारले, “तोच मां तो, मोळयेवालो?” मी हो म्हणालो. “आणि देवळात सगळ्यांबरोबर गेलो?” दार सगळ्यांना उघडले, मी म्हटले. आजीने डोळे मिटले. मला वाटले झोपली. थोड्या वेळाने म्हणाली, “मगे आंघूळ नाय मां केल्यान?”

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, ती मला लिहायला जड जाते म्हणून. गांधीहत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक काढले, ते आजही चालू आहे. त्यात ते पुतणीला, सुधाला, पत्रे लिहीत; पाऊस, फुले, पुस्तके, देशातल्या घडामोडी, सगळे एका शाळकरी मुलीला समजेल असे. तीच ‘सुंदर पत्रे’. मला विचाराल तर त्यांचे सर्वांत निवळलेले गद्य ह्या पत्रांत आहे. अश्रू ओसरले आहेत, नजर स्वच्छ झाली आहे. आणि ती पत्रे लिहिणाऱ्या माणसाने ११ जून १९५० रोजी आपल्या हाताने आपले जीवन संपवले. पन्नास वर्षे आणि साडेपाच महिने वय.

आपल्याला शाळेत सांगत, ‘गुरुजी निवर्तले’. पुण्यतिथी कधी साजरी झाली नाही. ११ जूनला शाळा उघडलेल्याच नसत, हे एक सोयीचे कारण. मी शिक्षक झाल्यावर मलाही मुलांसमोर हे उच्चारता येईना. एकदा नववीतल्या एका मुलीने सरळ विचारले, इतका चांगला माणूस असे का करील? मी तिला म्हटले, चांगल्या माणसालाही मनाचा आजार होतो, त्याला खूप एकटे वाटू शकते, आणि तसे वाटले तर कोणाला तरी सांगावे लागते. तिने पुढे काही विचारले नाही. मधल्या सुट्टीत ती वर्गात एकटीच बसलेली दिसली तेव्हा मी तिच्या घरी निरोप धाडला. ती आज चार मुलांना शिकवण्या देते, एवढे मला ठाऊक आहे.

गुरुजींच्या पश्चात प्रकाशभाई मोहाडीकरांनी ‘साने गुरुजी कथामाला’ सुरू केली आणि ती आपल्या मालवणातही रुजली. पुस्तक पुन्हा सांगण्याकडे परत आले, हे मला फार आवडते. २०२१ मध्ये शांता गोखले यांनी ‘श्यामची आई’ इंग्रजीत आणली. नातवंडे आता ती त्या भाषेत वाचतात आणि मला खोत म्हणजे काय, जप्ती म्हणजे काय, ते विचारतात.

ह्या स्नेहमेळाव्याच्या तयारीत शाळेचे जुने कपाट उघडले. खाऱ्या हवेने आणि वाळवीने बहुतेक हस्तलिखिते खाऊन टाकली होती. एक तेवढे धड निघाले, आमच्याच वर्षाचे. त्यात माझी एक गोष्ट आहे. वळणदार अक्षरात, चार पाने, आईवर. आई तुळशीला पाणी घालते, आई सांजवात करते, आई डोळ्यांना पदर लावते. सगळी श्यामची. आमच्या घरी तुळस होती खरी, पण ती आजीच्या जाळ्याखाली नेहमी झाकलेली असे. गोष्टीच्या शेवटी मराठीच्या बाईंनी लाल शाईत एकच ओळ लिहिली आहे : ‘ही पालगडची झाली. तुझी आई बाजारात कितीला उठून जाते?’

पहाटे चारला, बाई.